रविवारचा गाडीकट्टा : नव्याने येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या कट्ट्यावर दर रविवारी एक तरी नवा चेहरा दिसतो. आधी तो लांबूनच बघतो, मग जवळ येतो, चहाचा कप हातात पडला की बोलायला लागतो. प्रश्न ठरलेले असतात, फक्त विचारणारा बदलतो. उत्तरं देऊन घसा बसायला लागला म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत. कट्ट्यावरचे निम्मे लोक यातल्या निम्म्या उत्तरांवर वाद घालतील, आणि तो वाद ऐकायलाही यावंच.

तिथे नक्की काय असतं?

खरं सांगायचं तर काहीच नसतं. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये सकाळी साडेसहा-सातला वीस-पंचवीस गाड्या जमतात. बॉनेट उघडली जातात, लोक आत डोकं घालून उभे राहतात. कुणाचा कार्ब्युरेटर रुसलेला असतो, कुणी नवीन टायर टाकलेले असतात, कुणी काल रात्री अकरापर्यंत गाडीखाली झोपून सकाळी तीच गाडी टो करून आणलेली असते. मिसळ येते, दुसरा चहा येतो. साडेनऊला पार्किंग रिकामं. कारण घरी भाजी आणायची असते, पाहुणे यायचे असतात, आणि हॉटेलवाल्याची खरी गिऱ्हाइकं नऊनंतर येतात.

मंच नाही, माइक नाही, बक्षीस नाही. पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, कार्यक्रम अजून सुरू व्हायचाय.

माझी गाडी अगदी साधी आहे. आणली तर हसतील का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात निरर्थक आहे. दोन वर्षांपूर्वी एक लालभडक इटालियन सुपरकार आली होती. दहा मिनिटं गर्दी झाली, सगळ्यांनी सेल्फी काढले. तेवढ्यात मागून एक डुक्कर फियाट आली, म्हणजे पन्नासच्या दशकातली ती गोलमटोल फियाट ११००, आणि सगळी गर्दी तिकडे. सुपरकारचा मालकसुद्धा. त्याच्या आजोबांकडे तशीच होती म्हणे. तो तासभर तिच्या दाराला टेकून उभा होता.

वॅगनआर आणा, सँट्रो आणा, रिक्षाने आलात तरी चालेल. आमच्यातल्या एका काकांकडे गेली आठ वर्षं गाडीच नाही. ते फक्त इंजिनाचा आवाज ऐकून कुठला टॅपेट, म्हणजे इंजिनाची झडप हलवणारा भाग, वाजतोय ते सांगायला येतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.

मग भाव कुठल्या गाडीला?

ज्या गाडीमागे गोष्ट आहे तिला. आणि आपल्याकडे गोष्ट बहुतेकदा वडिलांपासून सुरू होते.

माझी १९९५ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. आजच्या पोरांना तो गिअर टाकायला दिला की मान वर करून विचारतात, ‘काका, दुसरा कुठंय?’ ही गाडी कुर्ल्याला बनायची. वालचंद हिराचंद सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव झालं पद्मिनी. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. पुढच्या रविवारी कट्ट्यावर मी पद्मिनी लावली तर एका मुंबईकर बाईंनी येऊन मागचं दार उघडून बंद केलं. फक्त तो ‘ठप्प’ आवाज ऐकायला. दोनदा ऐकला आणि गेल्या.

मारुती ८०० चंही तसंच. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली, २०१४ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरांत पहिली गाडी ती होती. त्यामुळे मूळ स्थितीतली ८०० दिसली की लोक गाडीबद्दल नाही, लग्नाच्या वरातीबद्दल आणि शिर्डीच्या ट्रिपबद्दल बोलायला लागतात.

आमच्या भागात आणखी एक गंमत आहे : कट्ट्यावरच्या बऱ्याच गाड्या इथल्याच. १९९१ ची टाटा सिएरा पुण्याची, मागच्या खिडकीची काच छतापर्यंत वळत गेलेली. नव्या सिएराने २०२५ मध्ये तेच रूप पुन्हा घेतलं आणि जुन्या सिएरावाल्यांची मान ताठ झाली. पहिली ऑक्टाव्हिया संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची. पोलो चाकणची, २००९ च्या डिसेंबरात तिथून पहिली बाहेर पडली आणि २०२२ मध्ये बंद झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर अक्षरशः सुतक होतं. थार नाशिकची. कट्ट्यावर दोन निवृत्त माणसं अशी आहेत की समोरच्या गाडीचा एखादा भाग त्यांनी स्वतः लाइनवर बसवलेला असू शकतो. त्यांच्यासमोर ‘बिल्ड क्वालिटी’वर भाषण ठोकू नका. एकाने ठोकलं होतं.

जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज ना?

नाही. पेपरवाल्यांनी सगळ्या जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून टाकलंय. जगभरचे संग्राहक जी विभागणी मानतात तिच्यात १९१९ ते १९३० या काळातली गाडी व्हिंटेज. त्याआधीची, १९०५ ते १९१८ ची, व्हेटरन. १९३१ ते १९४५ ची पोस्ट-व्हिंटेज. त्यानंतरच्यांना आपण सरसकट क्लासिक म्हणतो. माझ्या पद्मिनीला मात्र मी नुसती जुनी म्हणतो. ‘ओल्ड इज गोल्ड’ म्हणून खांद्यावर थाप मारलेली चालते, व्हिंटेज म्हटलेलं मलाच ओशाळवाणं वाटतं.

पण सरकारी व्याख्या वेगळी आहे असं ऐकलं.

हो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची आणि मूळ स्वरूपात फार फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी तिथे ‘व्हिंटेज’. नंबर वेगळ्या धाटणीचा, राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं.

मेख अशी की या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणून आमच्यातले दोघे पात्र असूनही तिकडे वळले नाहीत. त्यांना दर गुरुवारी गाडी घेऊन मंडईत जायचं असतं. त्यांचं गणित मला पटतं. पहिल्या खेपेच्या ‘पद्मिनी’ आता पन्नाशी ओलांडू लागल्यात, त्यामुळे हा प्रश्न पुढे आणखी घरांत येणार.

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेतून?

गाडीवाल्यांना एकत्र जमायची खाज गाडीइतकीच जुनी आहे. १४ नोव्हेंबर १८९६ ला लंडनहून ब्रायटनला मोटारींचा ताफा निघाला, कारण त्या दिवशी इंग्लंडमध्ये वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर गेली. आनंद साजरा करायला गाड्या काढल्या, इतकं साधं. १९२७ मध्ये त्याची आठवण म्हणून पुन्हा ताफा निघाला आणि १९०५ च्या आधीच्या गाड्या आजही नोव्हेंबरात त्या रस्त्याने जातात. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासूनची. स्टेट्समन वर्तमानपत्राची जुन्या गाड्यांची रॅली दिल्लीत १९६४ ला सुरू झाली, नंतर कोलकात्यात. पण ते सगळं राजेरजवाड्यांच्या आणि उद्योगपतींच्या गाड्यांचं जग. दोरीच्या अलीकडे आपण, पलीकडे रोल्स रॉइस.

सकाळी लवकर या, कॉफी प्या, गप्पा मारा, निघा. हा आताचा बिनदोरीचा प्रकार मात्र कॅलिफोर्नियाचा. तिथे इर्व्हाइन गावात एका मोटार कंपनीच्या पार्किंगमध्ये शनिवारी पहाटे लोक जमायचे. इतकं गाजलं की गर्दी आणि रहदारी आवरेना, आणि २०१४ च्या अखेरीस ते बंद करावं लागलं. जपानात योकोहामाजवळ दायकोकू नावाचा थांबा आहे, एक्स्प्रेसवेच्या गोल-गोल वळणांच्या पोटात. तिथे फक्त एक्स्प्रेसवेवरूनच जाता येतं आणि शुक्रवार-शनिवारी रात्री जगातल्या अजब गाड्या दिसतात. आवाज-गर्दी वाढली की पोलीस लाउडस्पीकरवरून सांगतात आणि थांबा रिकामा करतात.

म्हणजे इर्व्हाइन काय आणि योकोहामा काय, दुखणं तेच. त्यावरून पुढचा प्रश्न.

गाडी रेज केली, म्हणजे उभ्या उभ्या अ‍ॅक्सिलरेटर दाबून आवाज काढला, तर इतके का चिडता? मजाच तर आहे.

कारण आमच्या दोन जागा त्या मजेत गेल्या.

पहिली जागा आम्हाला चार वर्षं मिळाली होती. एक छोटं हॉटेल, मागे मोठं पटांगण, मालक स्वतः येऊन गाड्या बघायचे, कुणाच्या पोराला फुकट लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. एका रविवारी बाहेरगावचे पाच-सहा जण आले, फ्री-फ्लो सायलेन्सर, म्हणजे आवाज न दाबणारे, लावलेले. निघताना एकाने उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. फट्-फट्-फटाक. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. दोन मिनिटंसुद्धा चाललं नसेल. हॉटेलच्या मागच्या सोसायटीत एक आजोबा आजारी होते. त्यांचा मुलगा खाली आला, एक शब्दही न बोलता मालकांकडे बघून परत गेला. पुढच्या शनिवारी मालकांचा फोन आला. ‘तुमच्यावर राग नाही, पण आता नको.’ त्यांची चूक काडीची नव्हती. आम्ही चार वर्षं कमावलेलं सगळं दोन मिनिटांत त्या सायलेन्सरमधून बाहेर गेलं.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. मुद्दाम सांगतो, कारण ‘पहाटे पाचला जमू, रस्ते रिकामे असतात’ अशी सूचना दर महिन्याला येते. रस्ते रिकामे असतात कारण लोक झोपलेले असतात.

तेव्हा आत येताना आणि बाहेर जाताना गाडी पाळण्यातल्या बाळासारखी न्यायची. एकदा रेज केली तर कुणीतरी येऊन शांतपणे सांगेल. दुसऱ्यांदा केली तर ग्रुपमधून नाव जाईल, आणि तिथे चर्चा नाही.

रेस लावता का?

नाही. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी एक वर्ष आणि १०,०००. पण दंडाच्या भीतीने नाही म्हणत. ज्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली दिवे न लावता येऊ शकते तिथे शर्यत लावणाऱ्याला गाडी कळते असं मी मानत नाही.

खरी हौस असेल तर ट्रॅकवर जा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला कारी, ग्रेटर नोएडाला बुद्ध. लांब आहेत, मान्य. खिसाही लागतो. पण पहिल्याच ट्रॅक डेला आपण किती वाईट चालवतो ते कळतं आणि माणूस सुधारून परत येतो.

मॉडिफाय केलेली गाडी चालते का?

कट्ट्याला चालते, कायद्याला कितपत चालते ते तुम्ही बघायचं. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. पुढे लोखंडी बुलबार लावू नका, २०१७ च्या डिसेंबरपासून ते बेकायदा आहेत, आणि त्याने एअरबॅगचं गणित बिघडतं. काचांना काळी फिल्म नको : पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय इंजिनात काही घातलंत तर अपघातानंतरच्या क्लेममध्ये काय उत्तर मिळेल ते आधीच ओळखा.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर सस्पेन्शन, टायर आणि ब्रेक यांवर घातलेला पैसा सत्कारणी. डिकीवरचा भलामोठा पंखा, म्हणजे स्पॉयलर, फक्त कपडे वाळत घालायच्या उपयोगाचा.

नंबरप्लेटवर ‘दादा’ लिहिलं तर?

४१४१ चा दादा, ०२१४ चा राम, ८०५५ चा बॉस. महाराष्ट्राची ही लोककला आहे आणि मला ती मनापासून आवडते. आकड्यांच्या शेपट्या वळवून अक्षर काढणाऱ्या त्या रेडियमवाल्यांना सलाम. पण आता १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी पाटी लागते, तेव्हा नंबर हौसेने घ्या, पाटी सरकारी ठेवा. दादाचा स्टिकर मागच्या काचेवर लावलेला आम्ही बघून घेऊ. खरं तर काचेवरही छोटाच लावा.

कट्ट्यावर काय करू नये?

विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नये, टेकू नये. जीन्सच्या पाठीमागच्या बटणाने रंगावर उमटलेली रेघ मी बघितली आहे, आणि ती बघणाऱ्या मालकाचा चेहराही. दार उघडं दिसलं म्हणून आत बसू नये. विचारा; दहातले नऊ जण स्वतःच म्हणतात, बसा ना.

‘कितीला पडली?’ हा प्रश्न शक्यतो नको. ‘देणार का?’ हा तर नकोच. वडिलांच्या गाडीवर बोली लावणाऱ्याला एका गृहस्थांनी विचारलं होतं, ‘तुमच्या घरातलं काय काय काढलंय विकायला?’

फोटो बिनधास्त काढा, पण समाजमाध्यमांवर टाकताना नंबर झाका आणि लहान मुलं दिसत असतील तर त्यांच्या आईबाबांना विचारा. कप डस्टबिनमध्ये. तेल सांडलं तर माती टाकून स्वतः पुसा. हॉटेलमध्ये काहीतरी खा. तीन तास पार्किंग अडवून एक कटिंग पिणाऱ्यांमुळे पुढची जागा जाईल.

जुन्या गाडीचे पार्ट कुठे मिळतात?

कट्ट्याचा खरा उपयोग हाच. पुण्यात नाना पेठ आहे, आणि बुधवारी-रविवारी जुना बाजार. मुंबईत ऑपेरा हाऊसकडची दुकानं, कुर्ल्याचं भंगार. पण ‘पद्मिनीचा वॉटर पंप किट’ म्हणून दुकानात विचारलं की पोऱ्या तुमच्याकडे दयेने बघतो. तोच प्रश्न कट्ट्यावर विचारा, कुणीतरी म्हणेल, ‘माझ्या पोटमाळ्यावर दोन आहेत, एक घेऊन जा.’ पैसे घेत नाहीत. पुढे कधीतरी तुमच्याकडचं काहीतरी त्यांना लागतं.

चांगला मेस्त्री कोण हेही इथेच कळतं. पॉइंट सेट करणारे, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीची वेळ जुळवणारे, कार्ब्युरेटर कानाने ट्यून करणारे हात आता कमी उरलेत. ज्यांचे आहेत ते साठीच्या पुढचे. आमच्यातल्या दोन पोरांनी एका मेस्त्रींकडे शनिवारी शिकायला जायला सुरुवात केली आहे. एक बँकेत आहे, दुसरी दंतवैद्य. मेस्त्री म्हणतात, डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे.

सध्याची सगळ्यात गरम चर्चा इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केट बनलेले नव्हते. घाबरून जाऊ नका, पण पेट्रोलचे पाइप बदलून घ्या, चिरा गेल्यात का ते बघत राहा, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

घाटात ड्राइव्हला जाता तेव्हा काय पद्धत?

सगळ्यात हळू गाडी दुसऱ्या नंबरावर, सगळ्यात पुढच्या गाडीच्या लगेच मागे. म्हणजे कुणी मागे पडत नाही. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याला बघायचं; वळणावर तो दिसेनासा झाला तर थांबायचं. एसटीला, ट्रकला आपल्या रांगेत जागा द्यायची, अख्खी माळ एकसंध ठेवायचा हट्ट धरायचा नाही. चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्यातच उतरा. माझ्या पद्मिनीला ड्रम ब्रेक आहेत, वरंध्याच्या उतारावर ते एकदा असे तापले की पेडल जमिनीला टेकायला आलं होतं. त्या दिवसापासून न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, त्याच्या मागे राहत नाही एवढंच.

पावसाळ्यात?

जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी घाटात जात नाही. ताम्हिणीत आणि लोणावळ्यात आधीच पाय ठेवायला जागा नसते. कट्टा मात्र असतो, पत्र्याखाली, कांदाभजीसह.

बायका-मुलं येतात का?

येतात, आणि मुली फक्त सोबत म्हणून येत नाहीत. आमच्याकडची सर्वात नीट ठेवलेली कॉन्टेसा एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची आहे. त्यांना ‘सरांची गाडी का?’ विचारणारे अजून भेटतात. त्या म्हणतात, हो, सर मागे बसतात.

इलेक्ट्रिक गाडी आणू?

आणा. बॉनेटखाली बघायला कमी असतं, म्हणून आम्ही तिच्या डिकीत डब्यांची सोय करतो.

परवानगी लागते का? मला आमच्या गावात सुरू करायचंय.

खासगी जागेत मालकाची, आणि ती तोंडी असली तरी दर वेळी नव्याने विचारा. सार्वजनिक मैदानावर किंवा रस्त्याकडेला जमायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात आणि वाहतूक शाखेत जाऊन या. पहिल्या महिन्यात पाच गाड्याच बोलवा. तारीख-वेळ रीलमध्ये टाकू नका. आमची तिसरी जागा तशाच एका रीलमुळे गेली. ऐंशी गाड्या आल्या आणि रस्ता तुंबला. सुरुवात करायला चांगला मुहूर्त म्हणजे दसरा : झेंडूचे हार घालून गाड्या तशाही बाहेर उभ्या असतात, लोकही मोकळे असतात. आमचा कट्टा असाच सुरू झाला, एका सोसायटीच्या गेटबाहेर, तीन गाड्या आणि एका धक्कास्टार्ट जीपवर.

पहिल्यांदा येताना बरोबर काय आणू?

आरसी, विमा, पीयूसी. रेडिएटरसाठी पाण्याची बाटली. हवा भरलेली स्टेपनी. बघून घ्या, बहुतेकांची बसलेली असते. धक्का मारायला लागेल असे बूट घाला. आणि घरी वडिलांचा किंवा आजोबांचा गाडीशेजारी उभं राहून काढलेला एखादा फोटो असेल तर तो आणा. मागच्या महिन्यात एका मुलीने आणला होता, १९७८ सालचा, महाबळेश्वरला काढलेला. फोटोतल्या फियाटचा नंबर वाचून एक काका म्हणाले, ‘थांब, ही गाडी अजून साताऱ्यात आहे.’ आता पुढच्या रविवारी सगळे साताऱ्याला चाललोय. सव्वासहाला कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे भेटा.